घर उचलून ने

पोकलेन गावच्या कमानीतून आत येईना.

कमानीला लाल-पांढरा रंग नुकताच दिलेला होता. ड्रायव्हरने ट्रेलर रस्त्यावरच थांबवला, मशीन खाली उतरवलं, त्याचा हात दुमडून घेतला आणि हळूहळू पुढे काढलं. तरी वरची लाकडी पाटी खरवडली गेलीच. बघायला जमलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"बू, घर कुठलं?" ड्रायव्हरने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला विचारलं. या मुलुखात बाईला आदराने बू म्हणत.

"ते. हिरव्या कौलांचं."

"ते?" तो उठून उभा राहिला. दोन मजली घर, पुढे गोल खांब, फाटकाच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे गरुड. आजूबाजूच्या विटांच्या बुटक्या घरांत ते एखाद्या नवरदेवासारखं उठून दिसत होतं. "मालक कोण याचे? त्यांना बोलवा."

"मीच," लास्मिनी म्हणाली.

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. साधा सुती ब्लाउज, डोक्याला रुमाल, पायांत रबरी चपला. त्याने पुढे काही विचारलं नाही. असली कामं त्याने या डोंगराळ मुलुखात आधीही केली असावीत.

वातुलावांग गाव सकाळपासून तिथेच जमलं होतं. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. कोणी चटई अंथरून बसलं होतं. बाक्सोवाल्याने गाडी सावलीत लावली होती आणि मटणाच्या गोळ्यांचं गरम सूप वाडग्यांमागून वाडगे भरून देत होता. शेजारच्या गावातल्या मोटरसायकलींची रांग पार मशिदीपर्यंत गेली होती. इतकी माणसं या घरापुढे एकदाच जमली होती, वास्तूचं जेवण झालं तेव्हा. त्या जेवणाला लास्मिनी नव्हती. तिने ते फोनवर पाहिलं होतं.

तसं हे सगळं घरच तिने फोनवर पाहिलं होतं.

तिची मुलगी वेनिंग तीन वर्षांची असताना लास्मिनी तैवानला गेली. तेव्हा या जागेवर बांबूच्या तट्ट्यांचं घर होतं. जागा सासूच्या माहेरची, तिच्या बापाने तिला दिलेली. म्हातारीचं नाव कासिराह, सगळं गाव तिला माक म्हणे. नवरा सुयोतो सागाच्या जंगलात लाकूडतोडीला जाई, आणि काम नसे तेव्हा घरीच असे. काम बहुधा नसेच. लास्मिनी तिकडे एका आजारी म्हातारीची शुश्रूषा करी. तिला अंथरुणात कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, घाण काढायची. त्या कामाचे पैसे इकडे येत आणि इकडे विटांवर विटा चढत.

सुयोतो फोनवर विचारी, "खांब गोल करू का चौकोनी?"

ती म्हातारीच्या पायाला तेल चोळत चोळत म्हणे, "गोल."

"आणि कौलं?"

"हिरवी. लांबून दिसली पाहिजेत."

मधे दोनदा ती सुट्टीवर आली. पहिल्यांदा भिंती कमरेइतक्या होत्या. दुसऱ्यांदा वरचा मजला अर्धा झाला होता. त्या खेपेला तिने जिन्याच्या पायऱ्या स्वतःच्या हाताने धुतल्या. त्यानंतर बरीच वर्षं जमलं नाही, कारण तिकडची म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातून खाईना.

वेनिंग मोठी झाली तशी फोन तीच धरू लागली. पुढच्या खोलीत, निळ्या भिंतीला पाठ लावून ती बसे. मागे घड्याळ. दर वेळी तीच भिंत, तेच घड्याळ.

"जरा फिरव ना गं फोन. स्वयंपाकघरातल्या फरश्या बघू दे."

"नेट जातं आई, हलवला की."

"बरं, राहू दे. जेवलीस का?"

"जेवले."

तिकडची म्हातारी गेली तेव्हा लास्मिनी तिच्यासाठी रडली, आणि रडता रडता तिला आनंदही झाला. आता कायमचं घरी. तिने घरी पुढच्या महिन्यात येते म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्यात विमानात बसली. सगळ्यांना चकित करायचं होतं.

सुराबाया विमानतळावरून गावोगावी माणसं पोचवणारी गाडी मिळते. त्या गाडीत ती अकरा जणांत दाटून बसली होती. एकेक उतारू आपापल्या दारात उतरत होता. कुणाची आई धावत येई, कुणाची पोरं पिशव्या ओढत. वातुलावांग सगळ्यात शेवटी. गाडीवाल्याने हिरवी कौलं लांबूनच ओळखली. "वा बू! एवढं घर बांधलंत!" तो म्हणाला, आणि बॅगा स्वतः दारापर्यंत आणून ठेवल्या.

दारात बायकी चपला होत्या. सोनेरी पट्ट्यांच्या. आत सोफ्यावर एक तरुण बाई पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. पोट चांगलंच पुढे आलेलं. ती लगबगीने उठली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

लास्मिनीच्या तोंडून एवढंच निघालं, "सुयोतो."

"ते बाहेर गेलेत. येतीलच. बसा ना." बाईने पाणी आणून दिलं. लास्मिनी ते प्यायली. प्रवासाने तिचा घसा सुकला होता.

मागच्या दारातून माक तांदूळ पाखडायचं सूप घेऊन आली, आणि सूप तिच्या हातातून खाली पडलं. एवढ्यात वेनिंग शाळेतून आली. खांद्यावरचं दप्तरही न काढता ती उंबऱ्यात थांबली.

"पुढच्या महिन्यात येणार होतीस ना?" वेनिंग म्हणाली.

सोनेरी चपलांच्या बाईचं नाव एर्ना. कमानीजवळ तिचं दुकान होतं, मोबाइलचा रिचार्ज आणि थंड पेयं विकायची. ती या घरात दोन-तीन वर्षं तरी येऊन-जाऊन राहत होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मशिदीतल्या बांग देणाऱ्याला ठाऊक होतं. कोंबड्यांचा व्यापारी आठवड्यातून एकदा येई, त्यालासुद्धा ठाऊक होतं.

"मला कुणी सांगितलं कसं नाही?" लास्मिनीने शेजारणीला विचारलं. दोघींचं लग्न एकाच मोसमात झालेलं.

"तू तिकडं परक्या मुलुखात एकटी. कशाला जिवाला घोर लावायचा?" शेजारीण म्हणाली. मग जरा थांबून, अगदी मनापासून म्हणाली, "आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तू पैसे पाठवायचं थांबवलं असतंस. मग माकनं काय खाल्लं असतं?"

शहरातल्या कोर्टात तलाक झटपट झाला. घराचं तेवढं राहिलं. त्यासाठी लुराहने दोघांना गावाच्या सभागृहात बोलावलं. गावचा कारभार पाहणारा हा लुराह सौम्य माणूस होता; गावात आवाज चढलेला त्याला सोसत नसे. सुयोतो इस्त्री केलेला बातिकचा सदरा घालून आला. शेजारी माक. मागे पंधरा-वीस माणसं उगाच बसली होती.

"हे बघा लुराहसाहेब," सुयोतो म्हणाला, "जमीन माकची. तिच्या बापाची. कागदावर तिचं नाव. त्यात माझं काय आणि हिचं काय?"

"पण घर तर लास्मिनीच्या पैशानं झालं ना?"

"झालं. मी कुठं नाही म्हणतोय? घर तिचंच आहे." त्याने मागे बसलेल्यांकडे पाहिलं. "तिचं आहे तर तिनं घेऊन जावं. मी अडवणार नाही. उचल आणि ने!"

लोक हसले. जुन्या काळी लाकडी घर असंच नेत. चारी बाजूंनी माणसं लागायची, खांबांना बांबू बांधायचे, आणि आख्खं घर खांद्यावर घेऊन दुसऱ्या जागी ठेवायचं. मागे बसलेल्यांतल्या म्हाताऱ्यांनी ते केलंही होतं.

आपला विनोद सुयोतोला आवडला. "माणसं पाहिजेत तर सांग. एक कोपरा मीही धरीन!"

लुराहसुद्धा हसू दाबत होता. लास्मिनीने सगळ्यांना हसून होऊ दिलं. मग ती माककडे वळली. जमीन माकची होती. माकने नुसतं एवढं म्हटलं असतं की सून इथे राहू दे, तर पुढे कुणाचीच बोलायची प्राज्ञा नव्हती. लास्मिनी घरी नव्हती तेव्हा याच माकने तिच्या तापलेल्या पोरीला पाठीवर बांधून डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नेलं होतं.

"माक, तुम्ही सांगा."

माकने आपल्या पायांच्या बोटांकडे बघत म्हटलं, "मुलगा म्हणतो तसं."

"बरं," लास्मिनी म्हणाली. "नेते."

"म्हणजे?" लुराहने विचारलं.

"मोकळी जमीन माकची. घर माझं, मी नेते. लिहून घ्या."

सुयोतोने सही केली तेव्हाही तो हसतच होता. बाईमाणूस आहे, रडेल, चार दिवस आदळआपट करील आणि सोफा घेऊन जाईल, असा त्याचा हिशेब. तिने कानांतल्या कुड्या विकून पोकलेन ठरवलं तेव्हा कुठे तो हसायचा थांबला आणि एर्नाला घेऊन तिच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. मागे घरात माक आणि वेनिंग उरल्या.

आदल्या दिवशी दुपारी लास्मिनी घरात गेली. दारं आणि खालच्या मजल्यावरच्या खिडक्या विकून झाल्या होत्या, वारा सरळ आरपार वाहत होता. वेनिंग कपड्यांच्या घड्या घालून खोक्यात भरत होती. खोकं मागच्या बांबूच्या चुलघरात जायचं होतं. तेवढंच एक जुनं छप्पर अंगणात शिल्लक होतं.

"चल माझ्याबरोबर," लास्मिनी म्हणाली. "शहरात खोली घेतलीय, बसस्टँडजवळ. तिथंही शाळा आहे."

"आणि आजीचं कोण करणार?"

"तिचा मुलगा आहे."

वेनिंग नुसती हसली. अगदी बापासारखी. "आणि तू परत जाणारच ना तिकडं? मग त्या खोलीत मी कुणाबरोबर राहू?"

दोनच दिवसांपूर्वी लास्मिनीने परदेशात कामाला पाठवणाऱ्या दलालाकडे नाव घातलं होतं. दुसरं काही काम तिला येत नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "फोन धरायचीस तेव्हा ती बाई समोर बसलेली असायची. हो ना?"

"हो."

"आणि तू मला भिंत दाखवायचीस."

"बाबा म्हणाले, दाखवायचं नाही. आजी म्हणाली, आई रडेल." वेनिंगने एक झगा उलगडून पुन्हा घडी घातली. "तू विचारायचीस, जेवलीस का. ते तरी खरं सांगायचे मी."

लास्मिनीने तिच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे केला. पोरीने मान बाजूला केली नाही, पण घडीही थांबवली नाही. हात केसांवर जरा वेळ राहिला आणि मग लास्मिनीनेच तो काढून घेतला.

पोकलेनने आधी फाटकाचे गरुड पाडले. एका गरुडाचं डोकं घरंगळत बाक्सोवाल्याच्या गाडीपर्यंत गेलं आणि लोक खो खो हसले. मग मशीन खांबांपुढे उभं राहिलं.

तेव्हा माक मागून आली. काखेत उशी होती. एवढ्या माणसांतून ती सरळ लास्मिनीपाशी आली आणि तिच्या ब्लाउजची बाही धरून म्हणाली, "पोरी, मागची माझी खोली तेवढी राहू दे. बाकीचं ने. चुलघर गळतं गं, पावसात अंथरायला कोरडी जागा राहत नाही."

"मुलाला सांगा," लास्मिनी म्हणाली. "एक कोपरा तो धरणार होता."

गर्दीत कोणी तरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं.

ड्रायव्हरने इंजिन हळू केलं आणि खाली वाकून म्हणाला, "बू, मागची खोली वेगळ्या भिंतींवर आहे. जपून केलं तर वाचेल. मला काही घाई नाही."

सगळं गाव लास्मिनीकडे बघू लागलं. वाडग्यातले चमचे थांबले. ती खोली तिनेच सुचवली होती, माकचे गुडघे दुखतात, जिना नको म्हणून खाली, आणि न्हाणीघराला लागून. फोनवर तिने सुयोतोला तीनदा बजावलं होतं की फरशी खडबडीत घाल, म्हातारी घसरेल.

"सगळं," लास्मिनी म्हणाली.

माकने बाही सोडली. उशी छातीशी धरून ती आली तशी मागे गेली. तिला वाट द्यायला बायका चटया ओढून घेत होत्या.

पुढचा भाग कोसळला तेव्हा धुळीचा लोट उठला, आणि तो खाली बसला तशी आतली निळी भिंत सगळ्यांना दिसली. तिच्यावर घड्याळाच्या आकाराचा गडद गोल उरला होता. या घरातली तेवढी एक भिंत लास्मिनीला पाठ होती. तिच्यावर चुन्याचा पोपडा कुठे आहे तेही तिला सांगता आलं असतं.

"आई, जरा बाजूला हो ना. दिसत नाही."

लास्मिनीने मागे पाहिलं. शाळेतल्या मैत्रिणींच्या घोळक्यात वेनिंग उभी होती आणि इतर सगळ्यांसारखाच तिनेही फोन उंच धरला होता. फोन लास्मिनीनेच पाठवलेला. पोरीचा चेहरा त्यामागे होता, त्यामुळे ती रडते आहे की नाही ते समजलं नाही.

लास्मिनी बाजूला झाली.

वरचा मजला खाली आल्यावर सुयोतो मोटरसायकल दामटत आला. "वेडी झालीस का?" तो लांबूनच ओरडला. "मागचंही पाडणार? माक राहणार कुठं?"

"तुमच्या घरी."

"ती एक खोली आहे! दोन महिन्यांत पोर होणार तिथं!"

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. तो एकदा मागच्या चुलघराकडे बघायचा, एकदा रस्त्याकडे. चुलघराच्या दारात माक उशी मांडीवर घेऊन बसली होती. त्याला वाटलं असावं की ती हाक मारील. तिने मारली नाही. मग त्याने गाडीला किक मारली आणि कमानीच्या दिशेने निघून गेला.

"गेला," बाक्सोवाला म्हणाला आणि त्याने पुढचा वाडगा भरला.

मागची खोली सगळ्यात शेवटी पडली. तिला फार वेळ लागला नाही.

लोक पांगले. भंगारवाले सळया ओढून घेऊन गेले. विटांचा आणि सिमेंटचा चुरा ट्रक भरभरून गेला, खालच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायला. हे दोन दिवस चाललं. दोन्ही रात्री लास्मिनी शहरातल्या खोलीत झोपायला गेली आणि सकाळच्या बसने परत आली. लिहून दिलं होतं, जमीन मोकळी करून देईन. कुणी तिला चहा विचारला नाही, आणि तिने कुणाकडे पाणी मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंगण सपाट झालं. बांबूचं घर होतं तेव्हा ते जेवढं मोठं वाटायचं तेवढंच पुन्हा वाटू लागलं. शेवटचा ट्रक गेला, ट्रकवाल्याने हात केला. आता काम संपलं होतं. दलालाचा निरोपही आला होता: जागा मिळाली आहे, या वेळी म्हातारा आहे, वजनाने जड आहे, चालेल का? तिने चालेल म्हणून कळवलं.

बसला अवकाश होता. ती निघायला वळली आणि उन्हात मातीत काही तरी चमकलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेचा लांबट तुकडा. तिने तो उचलला. जरा पुढे आणखी एक होता. मग नीट पाहिल्यावर दिसलं की सगळं अंगणच चमकत होतं.

माक जन्मभर अनवाणी चालत आली होती. चपला घातल्या की जमीन कळत नाही, म्हणायची.

लास्मिनीने कोपऱ्यात पडलेली एक फुटकी टोपली ओढली आणि उकिडवी बसून ती काचा वेचू लागली. आधी मोठे तुकडे, मग बारीक. बारीक तुकडे बोटाला थुंकी लावून उचलावे लागत. एकदा बोट कापलं, तिने ते रुमालाच्या टोकाला पुसलं. ऊन चढलं, कमानीपाशी बसचा भोंगा वाजला आणि बस गेली. हातभर जागा साफ झाली की ती पुढे सरकत होती.

माक चुलघराच्या दारात कसावा सोलत बसली होती. दोघींमध्ये दहा-बारा पावलांचं मोकळं अंगण. माक सोलायची, मधेच थांबून बघायची, पुन्हा सोलायची. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. वेनिंग शाळेत गेली होती.

दुपार कलली. लास्मिनी गुडघ्यांवर हात टेकून उठली, कंबर सरळ केली आणि टोपलीकडे पाहिलं. जवळजवळ भरली होती. झालं असं वाटून तिने रुमाल सोडून झटकला.

"तिकडं," माक म्हणाली. खोली पडल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. हातातल्या सुरीने तिने अंगणाच्या कडेच्या फणसाच्या बुंध्याकडे खूण केली. "तिकडं राहिलंय अजून."

लास्मिनीने रुमाल पुन्हा डोक्याला बांधला, टोपली उचलली आणि फणसाखाली जाऊन बसली.